सुस्पष्ट ऐकू येणारा गजर

पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं सर स्वतःला सांगत होते. पण राहून जाणं निराळं आणि न देणं निराळं, एवढं त्यांनाही कळत होतं. टेबलावर डाव्या हाताला जाडजूड शब्दकोश होता, त्याच्याखाली पत्र दडपून ठेवलेलं. शब्द बघायला कोश उचलला की पत्र समोर येई, आणि सर शब्द न बघताच कोश पुन्हा खाली ठेवत.

पत्र त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीचं होतं. सरांनी हयातभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं, तेही फळ्याकडे तोंड करून, कारण मुलांच्या डोळ्यांत बघून बोलणं त्यांना कधी जमलं नाही. त्यांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसणारी, एकही प्रश्न न विचारणारी ती मुलगी आता एका कंपनीत सुरक्षा अधिकारी होती. कंपनीचं काम म्हणजे मोठमोठ्या पाइपांच्या सांध्यांचे किरणांनी फोटो काढणं. डॉक्टर हाडाचा काढतो तसाच. पण इथे किरण येतात ते पेन्सिलीच्या टोकाएवढ्या एका गोळीतून. एरवी ती जड पेटीत पडून असते, त्या पेटीला कॅमेरा म्हणतात. लांब उभं राहून हँडल फिरवलं की गोळी नळीतून सांध्यापाशी जाते. काम झालं की उलटं फिरवून तिला परत पेटीत ओढायची. हे काम करणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवरच्या खिशाला काडेपेटीएवढं एक यंत्र अडकवलेलं असतं. आसपास किरण वाढले की ते गळा काढतं. कामगार त्याला 'रडकं' म्हणतात.

मुलीने लिहिलं होतं:

'सर, आमच्याकडे कॅमेरा चालवणारे एक जुने गृहस्थ आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. गेल्या आठवड्यात गोळी नळीतच अडकली. हँडल पूर्ण फिरलं म्हणून मामांना वाटलं, आत गेली. मोजायचा मोठा मीटर साहेबांनी दुसऱ्या कामावर पाठवलेला, तेव्हा सगळी भिस्त खिशातल्या रडक्यावर. सर, रडकं ओरडत होतं. मी धोक्याच्या हद्दीभोवती बांधलेल्या दोरीच्या बाहेर उभी होते, मला तिथपर्यंत ऐकू येत होतं. मामा मात्र शांतपणे चालत गेले, नळी हाताने बाजूला केली, फिल्म काढली, नवी लावायला लागले. मला वाटलं, त्यांना ऐकू येतंय आणि ते मुद्दाम थांबत नाहीयेत. मी किंचाळले तेव्हा त्यांनी मान वर केली, आणि हसून म्हणाले, काय गं? त्यांचा उजवा हात किरणांनी भाजला, आता बँडेजात आहे. कंपनी म्हणते, गजर वाजत असताना दुर्लक्ष केलं. मामा म्हणतात, वाजलाच नाही. चौकशीत मला सही करून सांगायचंय की वाजला होता. तो तर वाजलाच होता. मी सही केली की मामांचा परवाना जाणार, आणि हाताच्या उपचारांतूनही कंपनी अंग काढून घेणार. हे यंत्र तुमच्या समितीच्या मानकाप्रमाणे पास झालेलं आहे. त्याच जातीचं दुसरं सोबत पाठवते. बाजूचं बटण दाबलं की गजर वाजतो. ऐकून सांगा सर, हा माणसाला ऐकू न येणं शक्य आहे का? लेखी हवं.'

समिती म्हणजे असली यंत्रं कशी असावीत हे ठरवणारी. सर निवृत्त झाल्यापासून तिच्यावर होते. घराबाहेर त्यांना कुणी बोलवत असेल तर ती एवढीच जागा.

पत्र आलं त्याच दिवशी सरांनी यंत्र कापसातून बाहेर काढलं, बटण दाबलं. छोट्या पडद्यावर आकडे उमटले. आवाज नाही. त्यांनी यंत्र कानाला लावलं, हलवलं, उलटं करून दाबलं. पुन्हा तेच. कोपऱ्यावरच्या दुकानातून नवा सेल आणला. आकडे आणखी ठळक झाले. आवाज मात्र नाहीच. यंत्र जिवंत होतं आणि त्याचा भोंगा मेलेला होता.

म्हणजे मामा खरं बोलत होते. यंत्रांचा सगळा घाणाच मुका निघाला असणार. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी लगेच कागद पुढे ओढला. 'तू पाठवलेले यंत्र मुके आहे,' एवढं लिहून झालं आणि हात थांबला. मुलगी म्हणते, मी स्वतः ऐकलं. मग तिला खोटं पाडायचं? कुणी सांगावं, हे एकटंच पोस्टाच्या पिशवीत आपटून बिघडलं असेल. आणि एकदा बटण दाबून निष्कर्ष काढणाऱ्या मुलांच्या वह्यांवर आपणच तांबडी रेघ मारत नव्हतो का? एक निरीक्षण म्हणजे निरीक्षण नव्हे.

म्हणून सर रोज सकाळी अंघोळ झाली की बटण दाबत, आणि संध्याकाळी फिरून आल्यावर पुन्हा. चांगलं दमदार, बराच वेळ. मग मान हलवून यंत्र खणात ठेवत आणि उत्तराचा नवा मसुदा लिहीत. प्रत्येक मसुदा आधीच्यापेक्षा लांब होत होता, आणि सर प्रत्येक मसुदा फाडत होते.

त्या सकाळी ते असेच बटण दाबून बसले होते. दारात सूनबाई येऊन उभी राहिली. एका हाताने कपाळ दाबून धरलेलं.

"बाबा, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की."

"हे तुमचं अजून किती दिवस चालायचंय? म्हणजे काम आहे, कळतं मला. पण आज माझं डोकं फार दुखतंय हो."

"माझं काय चालायचंय?"

"ते वाजवणं."

सरांना वाटलं, शेजारच्या घरातल्या एखाद्या यंत्राबद्दल बोलते आहे. "काय वाजवणं?"

सूनबाईने त्यांच्या हाताकडे बोट केलं. सरांचा अंगठा अजून बटणावरच होता.

"बाबा, तुम्ही थट्टा करताय का?" ती आत आली. "आत्ता वाजतंय ना ते. कानात सुई घातल्यासारखं होतंय."

सरांनी अंगठा उचलला. सूनबाईचे खांदे खाली आले, कपाळावरचा हातही सुटला. त्यांनी पुन्हा दाबलं. तिचा चेहरा पुन्हा आक्रसला. सर यंत्राकडे बघत राहिले. हातात काहीतरी वळवळल्याचा भास झाला आणि त्यांनी ते पटकन टेबलावर टाकलं.

"तू... रोज ऐकत होतीस?"

"सगळेच ऐकत होतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी परवा जिन्यात विचारलं, तुमच्याकडे काय चालू आहे म्हणून. मी म्हटलं, सासऱ्यांचं शास्त्रीय काम आहे." ती ओशाळली. "तुम्ही इतक्या गंभीरपणे करत होता, कोण बोलणार?"

आवाज ऐकून, म्हणजे सूनबाईचा आवाज ऐकून, सरांची बायको पदराला हात पुसत आली. तिला सगळं सांगितलं तेव्हा ती आधी मटकन कॉटवर बसली.

"म्हणजे ते यंत्र होतं होय? मला वाटलं, माझ्याच कानात वाजतंय. बारीक, डास गुणगुणल्यासारखं. मी आपली गुपचूप कानात थेंब घालत्येय. म्हटलं, कुणाला सांगायचं, म्हातारपण आलं."

"तुलाही येतं ऐकू?"

"थोडं थोडं. तुम्हाला नाही?"

बायकोने सवयीने तोंड उघडलं. "आम्ही आयुष्यभर बोललो ते ऐकू आलं नाही, तर त्या बापड्या यंत्राचं काय घेऊन बसलात..." आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघून तिने वाक्य अर्ध्यावर सोडलं. तो चेहरा तिने पूर्वी एकदाच पाहिला होता, धाकटा दीर गेल्याची तार आली त्या दिवशी.

सरांनी सूनबाईला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. "मी पाठीमागे दाबीन. वाजलं की बोट वर कर." ते कधी दाबत, कधी नुसता अंगठा टेकवत. बोट एकदाही चुकलं नाही. मग त्यांनी यंत्र बायकोच्या हातात दिलं आणि स्वतः भिंतीकडे वळले. भिंतीच्या रंगाला एक बारीक तडा गेलेला होता. सर त्या तड्याकडे बघत वाट बघत राहिले. पंख्याची घरघर ऐकू येत होती. रस्त्यावरून ट्रक गेला तो ऐकू आला. सूनबाईची बांगडी वाजली तीही ऐकू आली, असं त्यांना वाटलं.

"आता दाब," ते म्हणाले.

मागून कुणी बोललं नाही.

"दाब ना."

"अहो," बायको हळूच म्हणाली, "मघापासून दाबूनच धरलंय."

सर खुर्चीत बसले. पाणी दिलं ते त्यांनी घेतलं आणि पेला तसाच हातात धरून ठेवला. त्यांना मामा दिसत होते. कधी न पाहिलेला माणूस, पण चालणं दिसत होतं. काम संपवून चाललेल्या माणसाचं सैल चालणं. छातीवरच्या खिशात यंत्र ऊर फुटेस्तोवर ओरडतंय, दोरीपलीकडे उभ्या मुलीच्या कानाला भोकं पडतायत, आणि ज्याच्यासाठी ते ओरडतंय तो फिल्म काढतोय. बहुतेक एखादं गाणं गुणगुणत.

आणि दुसरी गोष्ट ते बघायचं टाळत होते. ती म्हणजे एक वाक्य. समितीत सर कधी तावातावाने बोलले नाहीत, पण भाषा सुधारायची असली की सगळे त्यांच्याकडे वळत. गजराबद्दलचा मजकूर आधी अर्धं पान होता. सरांनी तो घासून पुसून एका ओळीवर आणला होता: 'गजराचा आवाज पुरेसा मोठा असावा व तो सुस्पष्ट ऐकू यावा.' किती मोठा, ते पुढे आकड्यांत होतं. त्या ओळीबद्दल अध्यक्षांनी भर बैठकीत त्यांची पाठ थोपटली होती, आणि त्या दिवशी सर बसने न येता चालत घरी आले होते, इतके खूश. ऐकू यावा. कुणाला? हे तेव्हा कुणी विचारलं नाही. सरांनीही नाही.

"फोन करा ना तिला," सूनबाई म्हणाली. "सांगून टाका."

"चौकशीला लेखी लागतं. आणि माझं एकट्याचं लिहिणं म्हणजे काय, एका म्हाताऱ्याचे कान गेले, एवढंच. समितीचं पत्र हवं." ते पेला खाली ठेवायला विसरून उठले. "उद्या बैठक आहे."

बैठक होती हे खरं. आणि ती त्याच मानकासाठी होती. मुदत संपत आली होती, जुनं मानक आहे तसं पुढे चालू ठेवायचं, शिक्का मारायचा, जेवायचं आणि घरी जायचं, असा बेत. लांबट खोली, मधोमध टेबल, डोक्यावर वातानुकूलन यंत्राची संथ घरघर. अध्यक्ष मोठ्या प्रयोगशाळेचे माजी संचालक होते. त्यांच्या उजवीकडे एका रुग्णालयाच्या किरणोपचार विभागातले निवृत्त डॉक्टर, डावीकडे यंत्र बनवणाऱ्या कारखान्यांचे प्रतिनिधी, मग दोन-तीन जण असेच, सगळे सरांच्याच वयाचे. सचिवबाई तेवढ्या तरुण, इतिवृत्त लिहायला टेबलाच्या टोकाला.

सरांनी यंत्र कोटाच्या खिशात ठेवलं होतं. बोलायला उभं राहायचं, हे त्यांनी रस्ताभर घोकलं होतं. पहिलं वाक्यही ठरलं होतं. पण चर्चा बॅटरीच्या कलमावरून कपड्याला अडकवायच्या चिमट्यावर गेली, चिमट्यावरून गजरावर आली, तरी त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी जे तोंडाला जमलं नाही ते अंगठ्याने केलं. त्यांनी खिशात हात घालून बटण दाबलं.

"गजराच्या कलमावर कुणाला काही?" अध्यक्ष विचारत होते.

सचिवबाईंचं पेन थांबलं. त्यांनी छताकडे पाहिलं, मग दाराकडे, मग टेबलाखाली वाकून आपली पर्स चाचपली.

"मला काही नाही," डॉक्टर म्हणाले. "चांगलं कलम आहे. कुणाची तक्रार ऐकिवात नाही."

"आमच्या बाजूनेही नाही," कारखान्यांचे प्रतिनिधी म्हणाले. "उलट हे यंत्र आवाजाच्या परीक्षेत पहिल्या नंबराने पास होतं."

खिशात यंत्र बोंबलत होतं. ते बोंबलतंय हे सरांना फक्त सचिवबाईंच्या चेहऱ्यावरून कळत होतं. त्यांना वाटलं होतं, आपल्या एकट्याचे कान गेलेत. खरं तर अशी आशाच होती. इतर दचकतील, हसतील, प्राध्यापकांना ऐकू येत नाही म्हणतील, आणि आपण ओशाळून घरी जाऊ. पण कुणी दचकलं नाही. माणसं पानं उलटत होती. एकाने जांभई दिली.

"माफ करा," सचिवबाई म्हणाल्या, "कुणाचं काही वाजतंय का? फार जोरात वाजतंय."

सरांनी यंत्र बाहेर काढून टेबलावर ठेवलं, अंगठा न उचलता. "माझं आहे," ते म्हणाले. "तेच यंत्र आहे. गजर बघावा म्हटलं."

मग अध्यक्ष खुर्चीत मागे रेलले आणि हसले. "अरे वा. प्राध्यापकसाहेब प्रात्यक्षिक घेऊन आलेत. छान. चांगला खणखणीत आहे की."

"खणखणीत," डॉक्टर म्हणाले.

"मी सांगत नव्हतो?" प्रतिनिधी म्हणाले. "भिंतीपलीकडे जाईल."

पलीकडच्या गृहस्थांनी तर कानावर हात ठेवून दाखवला. "बंद करा आता, कान किटले."

सरांनी अंगठा उचलला. मुद्दाम नव्हे; बंद करा म्हटलं म्हणून. तो उचललेला अंगठा यंत्राच्या मागे होता, कुणाला दिसत नव्हता. सचिवबाईंनी सुस्कारा सोडला आणि पेन उचललं.

"वाजू दे, वाजू दे," अध्यक्ष म्हणाले. "जरा टेबलाच्या त्या टोकापर्यंत कसा येतो बघू. काय डॉक्टर? तिथे येतोय?"

"हो, येतोय ना. स्पष्ट."

"तुम्हाला?"

"अगदी सुस्पष्ट," पलीकडचे ते गृहस्थ म्हणाले, सरांच्याच शब्दावर जोर देऊन, आणि सरांकडे बघून कौतुकाने मान डोलावली.

पेन हातात धरून सचिवबाई एकेका चेहऱ्याकडे बघत होत्या. वेड्यांच्या खोलीत चुकून शिरल्यासारख्या.

"सर," त्या हळूच म्हणाल्या, "ते तर बंद झालंय. केव्हाच."

वरच्या यंत्राची घरघर तेवढी चालू होती. ती सगळ्यांना ऐकू येत होती. डॉक्टरांचे कान लाल झाले. प्रतिनिधींनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता ठेवला. अध्यक्षांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, पण त्याच्या मागून माणूस निघून गेल्यासारखं दिसायला लागलं.

"म्हणजे तुम्ही आमची परीक्षा घेतलीत," ते म्हणाले.

"नाही हो," सरांचा आवाज फाटला. "माझी काल घरी झाली. मी नापास. मला वाटलं, मी एकटाच असेन."

आणि मग त्यांना बोलता आलं. ठरवलेलं वाक्य आठवलं नाही, पण मामांचं सांगता आलं. हाताचं सांगितलं, मुलीच्या पत्रातलं 'काय गं?' सांगितलं. प्रतिनिधी मध्येच म्हणाले, अगदी खालच्या आवाजात, जणू स्वतःशीच, "भोंगा छोटा केला ना आम्ही. छोटा भोंगा बारीक, टिपेच्या स्वरातच सगळ्यात जोरात वाजतो. परीक्षेत कान नसतो, माइक असतो. माइकला मोठा वाटला की पास. मानकात किती मोठा ते आहे. किती बारीक, ते नाही." मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन ते गप्प झाले.

"वय झालं की कानातून आधी बारीक स्वरच जातात. कामावर किती जण म्हातारे असतील?" डॉक्टरांनी विचारलं.

"म्हातारंच असायला नको," सर म्हणाले. "ग्राइंडर, कॉम्प्रेसर... त्या आवाजात जन्म गेला की कानाचं काय राहतं, ते तुम्हालाच जास्त माहीत."

डॉक्टरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. आपल्या विभागात आपणही हेच यंत्र खिशाला लावून फिरत होतो, असं ते म्हणाले. "कधी वाजलं नाही. मी लोकांना सांगायचो, माझ्या विभागात एकदाही गजर वाजला नाही."

सरांना वाटलं, आता होईल. आता अध्यक्ष म्हणतील, पत्र लिहा.

अध्यक्षांनी बराच वेळ नखांकडे पाहिलं. "सचिवबाई, तांत्रिक कारणास्तव हा विषय पुढच्या बैठकीत. एवढंच लिहा. बाकी काही इतिवृत्तात येता कामा नये."

"चौकशी त्याच्या आधी आहे," सर म्हणाले.

"चौकशी त्या कंपनीची आहे, आपली नाही. प्राध्यापकसाहेब, समजून घ्या. हे बाहेर गेलं तर उद्या लोक काय म्हणतील? बहिऱ्यांनी गजराचे नियम केले. ही यंत्रं आज किती खिशांना लागलीयत, कल्पना आहे? आधी आपण शांतपणे दुरुस्ती करू, मग सांगू. तोवर कुणाही सभासदाने परस्पर कुणाला काही लिहायचं नाही. तुम्ही तर मुळीच नाही. तुम्हाला समितीत राहायचं असेल, असं मी धरून चालतो."

सर इतरांकडे वळले. एकही डोळा वर आला नाही.

जिन्यात त्यांनी सचिवबाईंना गाठलं. "तुम्ही ऐकलंत. वाजत होतं तेही, आणि बंद झालं तेही. मी पत्रात तुमचा दाखला देऊ का?"

त्या पायरीवर थांबल्या. "सर, तुम्ही मला वडिलांसारखे आहात म्हणून खरं सांगते. मला घर चालवायचंय. कुणी विचारलं तर मी म्हणेन, मी काही ऐकलं नाही." त्यांचे डोळे भरून आले होते. "राग मानू नका." आणि त्या झपझप उतरून गेल्या.

सर कठड्याला धरून उभे राहिले. ज्यांना ऐकू आलं नाही ते म्हणत होते, ऐकू आलं. जिला ऐकू आलं ती म्हणत होती, ऐकू आलं नाही. आयुष्य पुस्तकांत गेलं. माणसं घाबरतात हे त्यांनी वाचलेलं होतं. पण इतक्या साध्या गोष्टीला, कानाला, घाबरतात? आणि आपण स्वतः? सकाळ-संध्याकाळ मुकं म्हणून बटण दाबत बसलो, मसुदे फाडत बसलो, आणि ही एक शंका आपल्याला का आली नाही? भोंगा मेला असेल, पोस्टात बिघडला असेल, मुलगी चुकली असेल. आपला कान सोडून जगातल्या सगळ्यांवर संशय घेऊन झाला.

पोस्ट दोन गल्ल्या सोडून होतं. सर आत गेले, लिहायच्या उंच फळीपाशी उभे राहिले. दोरीला बांधलेलं पेन चालत नव्हतं. त्यांनी स्वतःचं काढलं. मसुदा केला नाही.

'चि. मुली,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. तुझं यंत्र मुकं आहे असं मी धरून चाललो होतो. ते मुकं नाही. ते रोज माझ्या कानाशी ओरडत होतं आणि मला ऐकू येत नव्हतं. माझ्या घरच्यांना येत होतं.

तू विचारलंस, हा गजर माणसाला ऐकू न येणं शक्य आहे का. शक्य आहे. आणि तो ऐकू न येणारा मी एकटा नाही. काल मी घरी आणि आज समितीत पाहिलं. गजर चालू असताना समितीतल्या म्हाताऱ्यांपैकी कुणाला तो ऐकू आला नाही, आणि बंद असताना सगळे म्हणाले, ऐकू येतोय. मीही तिथे बसलेला होतो. मानकातलं ते वाक्य माझं आहे. आवाज किती मोठा हे आम्ही लिहिलं, किती बारीक हे लिहिलं नाही, आणि कुणाच्या कानाला, हे विचारलं नाही.

तू सही करताना गजर वाजला होता असंच लिही, कारण तो वाजला होता. खाली हेही लिही की मामांना तो ऐकू आला नाही, आणि हे मी सांगतो. चौकशीवाल्यांना माझा पत्ता दे. मला बोलवा. मामांना आणि मला शेजारी बसवा, डोळे बांधा, यंत्र आमच्या छातीला लावा आणि वाजवा. ऐकू आलं की बोट वर करू.

हे समितीचं पत्र नाही. मला लिहू नकोस असं सांगितलं आहे, तेही इथे लिहून ठेवतो.

तोवर कुणालाही त्या यंत्राच्या भरवशावर नळीजवळ जाऊ देऊ नकोस. एकालाही नाही. मोठा मीटर आल्याशिवाय काम बंद ठेव. कोणी विचारलं तर माझं नाव सांग.'

सही नेहमीसारखीच घाईची, कुणाला न वाचता येणारी झाली. त्यांनी तिच्याखाली पुन्हा एकदा, सुटं सुटं, पूर्ण नाव लिहिलं. मग पाकीट चिकटवलं आणि खिडकीपाशी गेले.

"रजिस्टर करायचंय?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"अं?"

"रजिस्टर, आजोबा," बाई मोठ्याने म्हणाल्या.

"हो. सगळ्यात लवकर जाईल असं करा."

"मग आत्ता द्या. पिशवी बांधतायत बघा तिकडे."

सरांचा हात खिडकीच्या आत गेला, पण पाकीट सुटेना. उद्या समितीतून नाव जाईल, परवा वर्तमानपत्रात येईल, बायकोला जिन्यात लोक विचारतील. बाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पाकिटाचं दुसरं टोक धरून हलकेच ओढलं. शिक्का मारला, चिठ्ठी डकवली, मान मागे वळवून हाक मारली. मागच्या माणसाने पाकीट न बघताच पिशवीत टाकलं, तिचं तोंड आवळलं, आणि पिशवी खांद्यावर टाकून तो मागच्या दाराने बाहेर पडला.